कंटाळा किती मिनिटांचा ठेवू?

हिंजवडीतल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत संध्याकाळी सहाच्या सुमारास एक संवाद हमखास कानावर पडतो.

"झाला का रे बिल्ड?"

"फिरतोय अजून."

"कधीपासून?"

"जेवून आलो तेव्हा फिरतच होता."

यावर विचारणारा "बरं" म्हणतो आणि दोघंही चहाला जातात. मागे स्क्रीनवर एक पिवळं वर्तुळ गोल गोल फिरत राहतं. हे वर्तुळ ब्राउझर फिरवतो. आतलं काम चाललंय की तासाभरापूर्वीच कुठेतरी थिजून बसलंय, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. तरी ते फिरताना दिसलं की माणसाला धीर येतो, आणि त्या धिरावर संध्याकाळच्या संध्याकाळ निघून जाते.

ज्यांच्या घरात कुणीच या धंद्यात नाही (पुण्यात असं घर शोधावं लागेल) त्यांच्यासाठी थोडा खुलासा. प्रोग्रामरनं लिहिलेला कोड तसाच्या तसा ग्राहकाला देता येत नाही. तो कंपाइल करायचा, इतरांच्या कोडशी जोडायचा, त्यावर शेकडो-हजारो चाचण्या चालवायच्या आणि मग गठ्ठा बांधून पुढे धाडायचा. या सगळ्याला मिळून बिल्ड म्हणतात. एके काळी हे हातानं व्हायचं. १९७६ मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचा प्रोग्राम लिहिला, त्याला निमित्त झाली एका सहकाऱ्याची वाया गेलेली सकाळ. हा गृहस्थ आधीच दुरुस्त झालेली चूक शोधत बसला होता, कारण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायचीच राहिली होती. तेव्हापासून बिल्डमधलं एकेक काम माणसाकडून काढून यंत्राकडे देण्याचा जो सपाटा सुरू झाला तो आजतागायत. आता प्रोग्रामर फक्त कोड पाठवतो. कुठला तरी सर्व्हर तो उचलतो, बांधतो, तपासतो आणि हिरवी नाहीतर लाल खूण करून मोकळा होतो.

कामं सगळी यंत्राकडे गेली, पण माणसाकडची एक गोष्ट द्यायची राहून गेली. कंटाळा. समोर बसलेल्या माणसाची दहा-पंधरा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. तो स्क्रीनकडे रोखून बघतो, "हे काही पुढे सरकत नाहीये" म्हणतो आणि कंट्रोल-सी दाबतो. सर्व्हरला चुळबुळ ठाऊक नाही. तो एका ओळीवर जन्मभर उभा राहू शकतो, आणि वीज आहे तोवर राहतोही. म्हणून बिल्डची यंत्रणा उभारणाऱ्यांना एक चमत्कारिक काम करावं लागतं: यंत्राला कंटाळा कधी यावा, हे त्यांना आधीच मिनिटांत लिहून ठेवावं लागतं.

कुणी म्हणेल, मिनिटं कशाला मोजायची? काम चाललंय की अडकलंय हे बघून ठरवणारा एखादा हुशार प्रोग्रामच लिहा की. ही सूचना नवा मॅनेजर आला की मीटिंगमध्ये एकदा तरी येतेच. तिचं उत्तर ॲलन ट्यूरिंगनं १९३६ मध्येच देऊन ठेवलेलं आहे. एखादा प्रोग्राम कधीतरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे सगळ्याच प्रोग्रामांच्या बाबतीत अचूक सांगणारी कुठलीही एक पद्धत असूच शकत नाही, असं त्याच्या गणितातून सिद्ध होतं. तेव्हा आजच्या अर्थाचा संगणक जगात कुठेही नव्हता. म्हणजे अडकलेला जॉब (सर्व्हरवर चालणाऱ्या अशा एकेका कामाला जॉब म्हणतात) खात्रीनं ओळखता येणार नाही, हे पहिला जॉब अडकण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं. या धंद्यात वेळेआधी आलेली ही एकमेव डिलिव्हरी असावी.

तर उरतं घड्याळ. आणि घड्याळ कशाला लावायचं याबाबत एकेका यंत्रणेचा एकेक स्वभाव.

ट्रॅव्हिस सीआय ही बर्लिनमध्ये जन्मलेली बिल्ड चालवणारी सेवा शांततेला घाबरायची. जॉबनं लागोपाठ दहा मिनिटं लॉगमध्ये एक अक्षरही लिहिलं नाही, तर बिल्ड अडकला असावा अशी शंका व्यक्त करून ती त्याला संपवायची. शंका व्यक्त करून, हे महत्त्वाचं. खात्री तिलाही नव्हती. आजी गोष्ट सांगताना नातवाला "हूं" म्हणत राहायला सांगते आणि हूं थांबला की पोरगं झोपलं असं समजून दिवा मालवते, त्यातलाच हा प्रकार. अडचण एवढीच की काही प्रामाणिक जॉब मुळातच अबोल असतात. एखादी मोठी लायब्ररी जोडताना लिंकर वीस-वीस मिनिटं चकार शब्द काढत नाही. काम मात्र मान मोडून चाललेलं असतं, आणि दहाव्या मिनिटाला दिवा जातो.

प्रोग्रामर हा प्राणी नियम वाचतो तो पळवाट शोधण्यापुरता. त्यांनी मुख्य कामाच्या बाजूला एक छोटंसं चक्र सोडून दिलं, जे दर नऊ मिनिटांनी लॉगमध्ये "चालू आहे, चालू आहे" एवढंच लिहायचं. दहा नाही, नऊ. मग ट्रॅव्हिसनंही मन मोठं केलं आणि 'ट्रॅव्हिस वेट' नावाची आज्ञा स्वतःच पुरवली. ती दर मिनिटाला एक ओळ खरडते आणि कामाला वीस मिनिटांची मुदत मिळवून देते. नियमातून सुटण्याचं अधिकृत साधन नियम करणाऱ्यांनीच दिलं म्हटल्यावर प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटलं. मिटला नाही. कारण मुख्य काम खरोखरच अडकलं, तरी नऊ मिनिटांचं ते चक्र इमानानं "चालू आहे" म्हणतच राहतं. नातू गाढ झोपलेला, आणि उशाशी टेपरेकॉर्डर हूं म्हणतोय.

डेबियनचा स्वभाव याच्या अगदी उलट. ही लिनक्स प्रणाली जगभरचे स्वयंसेवक चालवतात आणि तिची हजारो पॅकेजं अनेक प्रकारच्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळी बांधली जातात. तिथे बांधणीचं काम करणारा 'एसबिल्ड' शांतता सहन करतो ती तब्बल १५० मिनिटं. अडीच तास! त्यानंतर तो लॉगमध्ये कोरडेपणानं नोंद करतो: १५० मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर बिल्ड टर्म सिग्नल देऊन मारला. या सहनशीलतेचं मर्म समजायचं तर ज्या यंत्रांवर हे काम चालत आलं ती आठवावी लागतात. डेबियन बरीच वर्षं मोटोरोलाच्या ६८००० मालिकेतल्या प्रोसेसरांनाही सांभाळून होतं. हे प्रोसेसर म्हणजे जुन्या मॅकिंटॉशमधले, अमिगामधले, अटारीमधले. त्यांच्यावर एखादं भलंमोठं पॅकेज बांधायला घेतलं की दिवसच्या दिवस जायचे. तिथे दहा मिनिटांची शांतता म्हणजे यंत्रानं जेमतेम श्वास घेतला. शेवटी २००७ च्या 'एच' या आवृत्तीत त्या प्रोसेसरांना अधिकृत स्थान मिळालं नाही. माणसांना ते जड गेलं. प्रोसेसरांना बातमी कळायलाच वेळ लागला असणार.

डेबियनच्या रांगेतल्या पॅकेजांना मिळणारे शेरेही वाचण्यासारखे आहेत. 'बांधायचं आहे', 'बांधतोय', 'दुसऱ्याची वाट बघतोय', 'बहुधा फसलं' आणि सगळ्यांत बाणेदार म्हणजे 'आमच्यासाठी नाही'. शेवटचा शेरा मिळालेलं पॅकेज त्या प्रोसेसरवर बांधायचा प्रयत्नच होत नाही. अडकण्याची शक्यता इतक्या मुळापासून दुसऱ्या कुणी काढून टाकलेली नाही.

कोड ठेवून घेऊन तो बांधूनही देणाऱ्या गिटलॅबमध्ये जॉबला सर्वसाधारणपणे तासाभराची मुदत असते. गिटहबच्या यंत्रांवर मात्र, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर, सहा तास. या दोन आकड्यांमागे काही खोल तत्त्व असेल असं वाटत नाही. कुठेतरी थांबायचं होतं, तिथे थांबले.

पण या सगळ्यांत खरा रंग भरतो तो जेन्किन्स. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना तो 'हडसन' या नावानं लिहिला. पुढे सन कंपनी ओरॅकलनं घेतली, नावाच्या मालकीवरून वाजलं आणि २०११ मध्ये मंडळींनी बिऱ्हाड हलवून 'जेन्किन्स' ही पाटी लावली. त्याचं बोधचिन्ह आहे हातावर नॅपकिन टाकलेला अदबशीर बटलर, आणि वागणंही तंतोतंत तसंच. जॉब फार वेळ चालला म्हणून तो लगेच गळा धरत नाही. मागचे बिल्ड किती वेळात झाले होते ते तो आठवतो, त्यावरून या बिल्डचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाच्या दहापट वेळ उलटून गेला की मनाशी म्हणतो, बहुधा अडकला असावा. चाळीस मिनिटांचा बिल्ड असेल तर ही शंका त्याला पावणेसात तासांच्या आतबाहेर येते. अंदाजच नसेल, म्हणजे जॉब पहिल्यांदाच चालत असेल, तर पूर्ण दिवसभर थांबतो. एवढं करून शंका आल्यावर तो काय करतो? प्रगती दाखवणाऱ्या पट्टीचा रंग लाल करतो. बस्स. जॉब खरोखर थांबवायला हवा असेल तर त्यासाठी निराळं प्लगइन घ्यावं लागतं.

जेन्किन्सच्या रांगेत घडणारा एक प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. नवाकोरा जेन्किन्स बसवला की त्यात एका वेळी दोन कामं चालण्याची सोय असते. तिला तिथे एक्झिक्युटर म्हणतात. समजा एक मुख्य जॉब आहे. तो कोड कंपाइल करतो, मग 'चाचण्या' नावाचा पोटजॉब सुरू करतो आणि तो संपेपर्यंत आपली जागा धरून थांबतो. एकट्यादुकट्यानं कोड पाठवला तर सगळं सुरळीत. मुख्य जॉब एका जागेवर, चाचण्या दुसऱ्या जागेवर. पण सोमवारी सकाळी दोघांनी एकाच मिनिटाला कोड पाठवला की दोन मुख्य जॉब दोन्ही जागा पटकावतात. दोघंही कंपाइल करतात, दोघंही आपापला पोटजॉब रांगेत लावतात आणि शांतपणे वाट बघत बसतात. पोटजॉबांच्या नावापुढे लिहिलेलं असतं, मोकळ्या एक्झिक्युटरची वाट पाहत आहे. मुख्य जॉब उठल्याशिवाय पोटजॉबला जागा नाही, आणि पोटजॉब संपल्याशिवाय मुख्य जॉब उठत नाही. इथे काहीही बिघडलेलं नसतं, लाल काही दिसत नाही आणि प्रत्येक जण आपापल्या जागी नियमाप्रमाणे वागत असतो.

असल्या वेळी ऑफिसातला कुणीतरी कर्ता पुरुष जेन्किन्स रीस्टार्ट मारतो. रांग मोकळी होते, त्याची वाहवा होते आणि "सोमवारी जेन्किन्सला जरा त्रासच होतो" ही समजूत पक्की होते. खरा उपाय, म्हणजे वाट बघताना जागा अडवून न बसणं, हा दोन-चार ओळींचा बदल असतो. तो करायला वेळ कुणाला आहे? सोमवारी सगळेच घाईत असतात आणि मंगळवारी त्रास नसतो.

अडकण्याची सगळ्यांत करमणूक करणारी तऱ्हा म्हणजे यंत्रानं यंत्राला प्रश्न विचारणं. उबंटूवर डॉकरची इमेज (म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं यांचा एकत्र गठ्ठा) बांधताना हे अनेकांनी भोगलंय. टाइमझोनची माहिती असलेलं पॅकेज इन्स्टॉल होताना मध्येच थांबतं आणि विचारतं, आपण कुठल्या भौगोलिक भागात राहता? कृपया यादीतला क्रमांक द्या. हा प्रश्न एका डेटा सेंटरमधल्या बंद खोलीत, जिथे कीबोर्ड नाही, माणूस नाही, अशा ठिकाणी विचारला जातो. प्रश्न विचारून पॅकेज सौजन्यानं थांबतं. गिटहबवर असेल तर सहा तास थांबतं.

पुढे कुणीतरी लॉग उघडून तो प्रश्न वाचतं आणि उत्तर द्यायला बसतं. यादीत आफ्रिका आहे, अंटार्क्टिका आहे, एशिया आहे आणि एक 'इंडियन'सुद्धा आहे. देशप्रेमी माणूस अर्थातच इंडियन निवडतो आणि सरळ मालदीव, मॉरिशस आणि अंटानानारिव्होच्या यादीत जाऊन पडतो, कारण हे इंडियन म्हणजे हिंदी महासागर. पोहत परत येऊन एशिया निवडावं तर आपल्या देशासाठी एकच शहर: कोलकाता. मुंबईचा पत्ता नाही. ज्या मुंबईनं भारतीय प्रमाणवेळेशी फटकून राहत आपली ३९ मिनिटं मागे असलेली वेगळी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालवली, तिच्या लेकरांना हिंजवडीत बसून रोज कोलकाता निवडावं लागतं. यावर उपाय सोपा आहे. बांधणी सुरू करतानाच सांगायचं की इथे उत्तर द्यायला कुणी नाही, प्रश्न विचारू नका. त्यासाठी डेबियन-उबंटूमध्ये 'नॉनइंटरॲक्टिव्ह' अशी खूण आहे. ती लावली की पॅकेज मुकाट्यानं काहीतरी गृहीत धरतं आणि पुढे जातं.

असाच दुसरा जिज्ञासू म्हणजे दूरच्या सर्व्हरशी जोडून देणारा एसएसएच. अनोळखी सर्व्हर दिसला की तो विचारतो, याच्याशी जोडून घ्यायची नक्की खात्री आहे का? खात्री देणारा घरी झोपलेला असतो. गिट तर थेट पासवर्ड मागतं. नुसतं हो-नाही विचारणाऱ्या इतर प्रोग्रामांच्या तोंडी द्यायला युनिक्समध्ये जुन्या काळापासून 'येस' नावाची एक आज्ञा आहे. ती 'वाय' हे एकच अक्षर अखंड छापत सुटते, थांबवेपर्यंत. समोरचा काहीही विचारो, उत्तर हो. इतका होकारार्थी सहकारी कुठल्याही ऑफिसात दुसरा मिळत नाही, आणि त्याच्या भरवशावर सर्व्हर पुसले गेल्याचे किस्सेही कमी नाहीत.

जीपीजीची तऱ्हा आणखी न्यारी होती. बिल्डवर डिजिटल सही करायची तर आधी किल्ली तयार करायची, आणि त्यासाठी यादृच्छिक आकडे लागतात. ते जमेपर्यंत जीपीजी थांबून सल्ला द्यायचं: जरा कीबोर्ड बडवा, माउस हलवा, म्हणजे पुरेशी यादृच्छिकता गोळा होईल. व्हर्च्युअल मशीनला माउस कुठला आणायचा? तिथे काहीच अनपेक्षित घडत नसे, म्हणून आकडे साचत नसत, म्हणून किल्ली बनत नसे, म्हणून बिल्ड उभा. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीनं, एकदा सुरुवातीचा साठा झाला की पुन्हा पुन्हा अडवायचं नाही, असं ठरवलं आणि माउस हलवण्याची मागणी बंद पडली.

याहून हताश जॉब म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या यंत्राची वाट बघणारा. गिटलॅबमध्ये जॉबला खुणेची चिठ्ठी लावता येते की मला अमुक प्रकारचं यंत्र हवं. चिठ्ठीत 'लिनक्स' लिहिताना एक अक्षर गाळलं की त्या नावाचं यंत्र पृथ्वीवर कुठेही नसतं. जॉब मात्र आशावादी. तो वाट बघत राहतो, मग गिटलॅबचा झाडूवाला फिरतो आणि अशा जॉबांना उचलून बाहेर टाकतो. जाताना शेरा देतो की वेळ संपली किंवा जॉब अडकला. या 'किंवा'मधला प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा आहे. दोन्हींपैकी नेमकं काय झालं हे त्यालाही माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव तो आणत नाही.

कधी कधी अडकल्यासारखा दिसणारा जॉब भलताच कामात असतो. फुकट मिळणाऱ्या या सर्व्हरांवर बिल्डच्या नावाखाली क्रिप्टो चलनाचं खाणकाम करणारे महाभाग निघाले. लॉगमध्ये शांतता आणि आत प्रोसेसर लालेलाल. या उपद्रवामुळे २०२१ मध्ये गिटलॅबनं फुकट वापरणाऱ्या नव्या खात्यांकडून कार्डाची पडताळणी मागायला सुरुवात केली. म्हणजे कुठल्याशा देशातल्या खाणमालकाच्या उद्योगापायी इथल्या इंजिनिअरिंगच्या पोराला बाबांचं क्रेडिट कार्ड मागावं लागलं. मुलानं कारण सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा कसा झाला असेल, याची कल्पना करता येते.

बरं, जॉब अडकलाय हे ठरलं. आता त्याला मारायचा. हेही वाटतं तितकं सोपं नाही. गिटहबमध्ये 'कॅन्सल' दाबलं की जॉब चालवणारा त्याचा रनर आधी एक सौम्य सिग्नल पाठवतो आणि साडेसात सेकंद थांबतो. मग जरा कडक सिग्नल आणि अडीच सेकंद. त्यानंतर त्या प्रोसेसचा मुलाबाळांसकट निकाल लावतो. ऐकायला चोख. पण कुणीतरी कधीकाळी एखाद्या पायरीला 'ऑलवेज' अशी अट लावून ठेवलेली असते. अर्थ असा की काहीही होवो, ही पायरी चालायलाच हवी. आणि 'काहीही'मध्ये कॅन्सलही येतं. मग लोक कॅन्सल, कॅन्सल दाबत राहतात आणि जॉब वचन पाळत राहतो. अखेर गिटहबला सक्तीनं रद्द करण्याची वेगळी सोय द्यावी लागली.

जेन्किन्स मारतानाही अदब सोडत नाही. पाइपलाइनवर पहिल्यांदा लाल फुली दाबली की तो विनंती करतो. जॉब बधला नाही तर लॉगमध्ये एक दुवा दाखवतो: जबरदस्तीनं थांबवायचं असल्यास इथे दाबा. त्यानंही भागलं नाही तर तिसरा, समूळ मारण्याचा. शिवाय बिल्ड संपल्यावर मागे रेंगाळणाऱ्या प्रोसेस शोधून मारण्याची त्याची पद्धत आहे. प्रत्येक प्रोसेसच्या खिशात त्यानं एक चिठ्ठी ठेवलेली असते, ती बघून तो आपली माणसं ओळखतो. आता एखादा सर्व्हर बिल्डनंतरही चालू ठेवायचा असेल तर? तर त्या चिठ्ठीवरचा मजकूर बदलायचा, आणि जेन्किन्सच्या अधिकृत माहितीपत्रकात त्यासाठी सुचवलेला मजकूर आहे: 'डोन्टकिलमी'. मला मारू नका. लाखो रुपयांच्या यंत्रणा या एका आर्जवावर जिवंत आहेत.

यापलीकडे काही प्रोसेस अशा असतात की त्यांना किल -९, म्हणजे फाशीच, दिली तरी मरत नाहीत. नेटवर्कवरची फाइल वाचायला गेलेली प्रोसेस, पलीकडचा सर्व्हरच गायब झाला तर, कधी कधी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटात अशी झोपते की तिच्यापर्यंत निरोप पोचतच नाही. तो सर्व्हर परत आला नाही तर यंत्राचं बटण बंद करून चालू करणं, एवढाच मार्ग उरतो.

आणि एवढं सगळं शास्त्र असताना प्रत्यक्षात होतं काय? "अरे, मारून परत चालव ना." निम्म्या वेळा दुसऱ्या खेपेला तो निमूट चालतोही, आणि मग पहिल्या खेपेला काय झालं होतं हे विचारणारा तिथे शिल्लक राहत नाही. गूगलनं २०१६ मध्ये आपल्या चाचण्यांचा हिशेब मांडला होता. त्यांच्या जवळपास १६ टक्के चाचण्या कधी पास, कधी नापास अशा लहरी होत्या, आणि पासच्या नापास झालेल्या प्रसंगांपैकी ८४ टक्क्यांत असली लहरी चाचणी गुंतलेली होती. तेव्हा पुन्हा चालवणाऱ्याला नुसता आळशी म्हणणं बरोबर नाही. अनुभव त्याच्या बाजूनं आहे. मात्र लहरी चाचणी आणि अडकलेला जॉब यांत एक फरक आहे. चाचणी नापास होऊन संपलेली असते, तिला विचारणार काय? अडकलेला जॉब अजून जिवंत असतो. तो कुठल्या ओळीवर उभा आहे हे त्याला विचारता येतं, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला मारतो.

जावाच्या प्रोग्रामबाबत तर हे विशेष वाईट वाटतं. किल -३ ही आज्ञा नावाला किल आहे. ती जावाच्या प्रोग्रामला मारत नाही. प्रोग्राम आपला प्रत्येक धागा कुठे थांबलाय याची यादी छापतो आणि पुन्हा कामाला लागतो. 'जेस्टॅक' हेच जरा नीटनेटकं करतं. दोन धागे एकमेकांच्या कुलपाची वाट बघत बसले असतील तर ते यादीच्या शेवटी स्वच्छ लिहून देतं की डेडलॉक सापडला आहे आणि तो अमुक दोघांमध्ये आहे. ट्यूरिंगच्या प्रश्नाचं उत्तर नसलं तरी या प्रश्नाचं आहे, आणि ते मिळवायला दहा सेकंद लागतात. टाइमआउट झाल्यावर जॉब मारण्याआधी ही यादी लॉगमध्ये आपोआप टाकायची सोय काही टीम करून ठेवतात. अशा टीममध्ये सोमवारचा त्रास पुढच्या सोमवारपर्यंत टिकत नाही.

तेव्हा जे वाचक या धंद्यात आहेत त्यांना एक विनंती. आज घरी जाण्याआधी आपल्या प्रकल्पातली गिटहबची वर्कफ्लो फाइल उघडा आणि तिच्यात 'टाइमआउट-मिनिट्स' ही ओळ आहे का बघा. नसेल तर नेहमीच्या बिल्डला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा घालून ती लिहा. मॅकवर बिल्ड चालवत असाल तर आजच लिहा. फुकटच्या खात्यावर खासगी प्रकल्पाला महिन्याकाठी २००० मिनिटं मिळतात, मॅकचं एकेक मिनिट वर्षानुवर्षं दहाच्या भावानं कापलं गेलंय, आणि ती ओळ नसलेला जॉब अडकला की ३६० मिनिटं उभा राहतो. त्या भावानं झाली ३६०० मिनिटं. महिन्याचा सगळा कोटा एका दुपारीत संपतो, आणि वर्तुळ तेव्हाही फिरतच असतं.